मृत्युपत्रं लिहिणारे सर

दुबईतल्या करामाच्या आमच्या खोलीत दोन खाटा होत्या, एक टेबल होतं आणि एकच पुस्तक होतं. पुस्तक सरांचं. जाडजूड, निळ्या कापडी बांधणीचं. त्यात अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेत मेलेल्या जमीनदारांची मृत्युपत्रं होती. व्हर्जिनिया हा प्रांत तेव्हा इंग्रजांची वसाहत होता. तिथल्या एका तालुक्याएवढ्या मुलखातल्या लोकांनी मरण्यापूर्वी कुणाला काय दिलं, एवढंच त्या पुस्तकात होतं. सर रोज सकाळी कंपनीची बस यायच्या आधी त्यातली दोन पानं वाचत. माझे वडील जशी मान हलवत पोथी वाचायचे, तशीच मान हलवत.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकली पाहिजे. कोकणात खाडीच्या काठाला त्यांची नारळाची बाग होती, आणि त्यातली निम्मी बाग त्यांच्या धाकट्या बहिणीची होती. ती कागदावर मात्र सरांच्या नावे झाली होती. ती तिला परत कशी करायची या एकाच प्रश्नाशी सर, मी त्यांना भेटलो त्याच्या आधीपासून, झगडत होते. मला हे कळायला चार वर्षं लागली. वाचणाऱ्याला तेवढं थांबवून ठेवायचं काही कारण नाही.

मी मूळचा सेलूचा. वडील जिनिंगमध्ये हमाली करायचे आणि सहा एकर कोरडवाहू कसायचे. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.कॉम. होऊन नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी दुबईला आलो आणि अल क्वोजमधल्या एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात डॉक्युमेंट क्लार्क म्हणून लागलो. सर तिथे माझे वरिष्ठ. त्यांच्याकडे कंपनीच्या सगळ्या कागदांचा ताबा. आधी ते रत्नागिरीकडे एका हायस्कुलात इतिहास शिकवत, म्हणून मॅनेजरपासून ऑफिसबॉयपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणत. इंग्रजीत एक धड पत्र लिहायला मला त्यांनी शिकवलं. माझ्या पहिल्या पत्रावर त्यांनी लाल रेघ मारली नाही. नवा कागद समोर ठेवून म्हणाले, "आता तू हे त्या माणसाला तोंडाने सांगतोयस असं समज. सांग बघू." मी सांगितलं. "हेच लिही." आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम मला त्या दुपारी आलं.

पुस्तक त्यांच्याकडे आलं ते असं. कंपनीच्या एका प्रोजेक्टवर एक अमेरिकन इंजिनियर होता. त्याला आपले पूर्वज शोधायचा नाद. प्रोजेक्ट संपल्यावर तो सामान वाटून निघून गेला. कुणी त्याचा टीव्ही नेला, कुणी मिक्सर. सरांनी हे पुस्तक उचललं. त्या इंजिनियरने आपल्या एका पूर्वजाच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. सरांनी ती खोडली नाही, पण त्या पानावर ते फार रेंगाळतही नसत. "हा मोठा जमीनदार," ते म्हणत. "त्याला चारच ओळीत आटपता आलं. लहान माणसाला जास्त लिहावं लागतं."

आणि खरंच, लहान माणसांची मृत्युपत्रं लांबलचक होती. सर मला मराठीत सांगत जात. जमीन बहुतेक थोरल्या मुलाला. बायकोला पिसांची गादी, एक लोखंडी भांडं, एक गाय, आणि राहत्या घरातली एक खोली. ती पण ती पुन्हा लग्न करत नाही तोवर. बाप ज्याच्यावर रागावला असेल त्या मुलाला एक शिलिंग, म्हणजे विसरलो नाही, मुद्दाम वगळलंय, हे कोर्टाला कळावं म्हणून. लेकीला तिच्या लग्नात दिलेलंच पुन्हा मोजून दाखवलेलं. सर म्हणत, "बघ, समुद्रापलीकडचा, वेगळ्या देवाचा माणूस. पण लेकीच्या बाबतीत आपल्या आळीतलाच."

काही पानं वेगळी होती. जमीनदारांनी गुलामही वाटून दिले होते. गादी, गाय, हंडा, आणि मग अमुक नावाची काळी मुलगी, तिला पुढे होणाऱ्या लेकरांसकट, माझ्या धाकट्या मुलीला. जन्माला न आलेली लेकरंसुद्धा वाटून टाकलेली. सरांनी अशा प्रत्येक नावापाशी पेन्सिलीने बारीक टिंब दिलं होतं. नवा होतो तेव्हा मी एकदा म्हणालो, "सर, म्हणजे आपल्या मजूर कॅम्पातल्या लोकांसारखंच की." त्यांनी चष्मा काढला. "नाही. आपल्याला तिकीट काढून घरी जाता येतं. आपल्या पोरांना कुणी वाटून घेत नाही. आपलं दुःख मोठं करायला त्यांचं उसनं घेऊ नकोस." पुन्हा मी तसं बोललो नाही.

शेजारच्या बिऱ्हाडातली एक मुलगी ऊद मेथाच्या शाळेत जायची आणि परीक्षा आली की इतिहास विचारायला सरांकडे यायची. सर मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई. एकदा पुस्तक चाळून ती म्हणाली, "अंकल, व्हाय डू यू रीड डेड पीपल्स लिस्ट्स?" सर तिला म्हणाले, "कारण बाकी वेळी माणूस माझं माझं करतो. इथे एकदा तरी तुझं असं लिहावं लागतं त्याला." तिने खांदे उडवले. मला वाटलं, सर मुलांना सोपं करून सांगतात ते हे. ते स्वतःबद्दल बोलत होते हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

शुक्रवार आमची सुट्टी. सकाळी नऊ-साडेनऊपासून अल क्वोजच्या कॅम्पातून माणसं यायची. सुतार, गवंडी, फोरमन. बहुतेक कोकणातले, थोडे सातारा-सांगलीकडचे. टेबलापाशी सर, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. सुट्टीच्या दिवशी घरात कोण असा बसतो? पण सर बसत. "माणूस मरणाबद्दल बोलायला येतो," म्हणत, "बनियनवर कसा बसू?" त्या लोकांची मृत्युपत्रं ते लिहून देत, मराठीत, साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. एक साक्षीदार बहुतेक वेळा मी असायचो. पैसे घेत नसत. नवखा कुणी विचारायचा, "सर, टायपिंग सेंटरवाला पन्नास दिरहम घेतो, म्हणजे पाचशे रुपये झाले. तुमचं काय?" सर म्हणत, "माझं एवढंच, की सुट्टीवर गेलास की हे बायकोला वाचून दाखवायचं. स्वतः. मोठ्याने."

त्यांची लिहिण्याची रीत त्या पुस्तकातून आलेली. 'सर्व मालमत्ता' हे शब्द त्यांनी कुणालाही लिहू दिले नाहीत. वस्तू एकेक करून सांगायची, आणि पहिली वस्तू जमीन नसायची.

यशवंतचा शुक्रवार मला सगळा आठवतो. राजापूरकडचा शटरिंगचा सुतार, आडदांड, हसला की भिंत हलायची. त्याला छातीत काहीतरी निघालं होतं आणि डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं होतं, तरी त्याचं हसणं कमी झालं नव्हतं. तो आला, खुर्ची ओढून बसला.

"लिहा सर. सगळं बायकोला. खलास."

"सगळं म्हणजे काय? नावानिशी सांग."

"सगळं म्हणजे सगळं! घर, दार, जे काय असेल ते."

"झोपतोस कशावर?"

"इथे? वरच्या बंकवर. खालच्या बंकवर हा घोरतो." बरोबर आलेल्या मित्राकडे त्याने बोट दाखवलं.

"मी घोरतो? ह्याच्या घोरण्याने इजिप्शियन फोरमन रूम बदलून गेला, सर!"

"गावाला कशावर झोपतोस?"

यशवंतने खुर्ची जरा पुढे घेतली. "गावाला पलंग आहे. सागवानी. मीच केलाय, पयल्या सुट्टीत."

"मग तो पहिला. सागवानी पलंग, स्वतः केलेला, माझी पत्नी हिला. नाव सांग तिचं."

एवढा दांडगा गडी, पण मान खाली घातली त्याने. मित्र म्हणाला, "सांग की रे, तिकडून काय ती ऐकते होय?"

"सुमित्रा," यशवंत म्हणाला.

पलंग झाला, कपाट झालं, शिलाई मशीन झालं. मग घर. चार खोल्यांचं स्लॅबचं घर, आठ वर्षांच्या मजुरीतून बांधलेलं. सरांनी पेन थांबवलं. "घरपट्टी कुणाच्या नावाने येते?"

"भावाच्या."

"का?"

"मी इकडे होतो ना सर. ग्रामसेवक आला तेव्हा भाऊ दारात होता, त्याने सही केली. काय फरक पडतो, सख्खा भाऊ."

"जमीन?"

"वडिलांची. ते गेल्यावर भावानेच नाव लावून घेतलं. तो थोरला ना."

आखातात आलेल्या आपल्या लोकांची ही ठरलेली चूक. घर बांधायचं इथल्या घामाने, आणि सही करायची तिथे जो असेल त्याने. त्या टेबलाशी ती मी कमीत कमी पंधरा वेळा ऐकली असेल. सर म्हणाले, "यशवंत, ते घर तुझं आहे हे दुबईला माहीत आहे. तुझ्या ग्रामपंचायतीला माहीत नाही."

सरांनी त्याला ग्रामपंचायतीसाठी अर्ज लिहून दिला, वारस म्हणून जमिनीवर नाव लावायचा अर्ज लिहून दिला, आणि म्हणाले, "पण अर्ज देण्याआधी भावाला समोर बसवून सांग. मागून कागद पाठवू नकोस. कागद मागून आला की भाऊ उरत नाही."

"तुम्ही आमच्या भावाला ओळखत नाही सर. समोर बसवलं तर ऐकतोय होय! तुम्हाला भाऊ आहे का?"

"नाही. बहीण आहे. एकच."

"मग सुटलात की!" यशवंत मोकळेपणाने म्हणाला. "बहिणी काय, सांगाल तिथे सही देतात."

सरांनी पेनाला टोपण लावलं. दोघं अजून दाराशी ताटकळत होते, त्यांना त्यांनी पुढच्या शुक्रवारी यायला सांगितलं. आत जाऊन तोंड धुतलं. मला वाटलं, यशवंतची तब्येत पाहून त्यांना वाईट वाटलं असेल. (यशवंतने पुढे खरंच भावाला समोर बसवलं. भांडण झालं, चुलतेमालते जमले, आणि शेवटी घरपट्टीवर दोघांची नावं लागली. ते मृत्युपत्र सुमित्रावहिनींना त्याने वाचून दाखवलं तेव्हा पलंगाच्या ओळीला त्या खूप हसल्या, असं त्याने आम्हाला सांगितलं.)

त्या पुस्तकातलं एक मृत्युपत्र सरांना तोंडपाठ होतं. कुणी एक साधा शेतकरी. त्याने सगळं वाटून झाल्यावर शेवटी लिहून ठेवलं होतं की माझ्या कुरणात जी तपकिरी घोडी आहे ती माझी नाही, माझ्या बहिणीची आहे. ती गेली अठरा वर्षं मी वापरतो आहे. माझ्यामागे ती तिला परत करावी. बस, एवढंच. ही तीन वाक्यं सर महिन्यातून एकदा तरी मला वाचून दाखवत. "हा माणूस बघ," म्हणत. "कुणी विचारलं नव्हतं. कुणाला माहीतही नसेल. तरी लिहून गेला." त्यांचा आवाज त्या वेळी असा यायचा की मी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवत असे.

दुबईतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी माझे वडील वारले. पुढे दोनेक वर्षांनी काकांचं पत्र आलं. बरोबर एक मसुदा. माझ्या अक्काचं हक्कसोडपत्र. वडिलांच्या सहा एकरातला माझा हिस्सा मी भावाला राजीखुशीने सोडते, अशा मजकुराचं. तू सुट्टीवर येशील तेव्हा तिला बोलावून सही घेऊन टाकू, मजकूर एकदा नजरेखालून घाल, असं काकांनी लिहिलं होतं.

मला यात वावगं काही दिसलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. शुक्रवारी दुपारी सर शर्टांना इस्त्री करत होते. मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. "सर, जरा भाषा बघता का? कायद्याची आहे, मला नीट कळत नाही."

सरांनी इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. कागद वाचला.

"अक्का किती शिकलीय?"

"सातवी."

"तिला हे वाचून दाखवलंय?"

"काका सांगतील तिला."

"काय सांगतील?"

"सही कर म्हणून. आमच्याकडे तशीच पद्धत आहे सर. बहिणी सोडतात. ती नाही म्हणणार नाही."

"ती नाही म्हणणार नाही, म्हणूनच विचारतोय." त्यांनी कागदाची घडी घातली. "परभणीला कॉलेजला होतास तेव्हा राहायला कुणाकडे होतास?"

"अक्काकडे. तिच्या सासरी."

"किती वर्षं?"

"तीन."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. सासूच्या शिव्या खाऊन तिने मला तीन वर्षं दोन्ही वेळ वाढलं होतं. माझी डिग्री तिच्या स्वयंपाकघरातून आली होती. आणि मी भाषा बरोबर आहे का विचारत होतो. मी कागद मागितला, पण सरांनी तो दिला नाही. खाटेवर बसले आणि मला समोरच्या खाटेवर बसायला सांगितलं.

"माझंही असंच झालं," ते म्हणाले. "नाही, असं नाही. याहून वाईट."

बाग त्यांच्या वडिलांनी स्वतः विकत घेतलेली. आई आधीच गेली होती. भावंडं दोनच. वडील काही लिहून न ठेवता गेले, तेव्हा निम्मी बाग बहिणीची. तेराव्याला ती आली होती. जेवणं झाल्यावर तलाठी ओटीवर बसला होता, त्याच्यापुढे जबाब लिहून तयार होता, की मला हिस्सा नको, भावाच्या नावे करावा. सरांनीच तो लिहिला होता, सुवाच्य अक्षरात. बहीण आतून हात पुसत आली. वारस म्हणून नोंद करायची आहे, एवढंच सरांनी तिला सांगितलं.

"खोटं बोललो नाही. अर्धं बोललो. मास्तर माणूस, गावात शब्दाला किंमत. तिने वाचलं नाही. मी वाचून दाखवलं नाही."

"पण का, सर?" मी विचारलं. "तुम्हाला हाव असेल असं वाटत नाही."

"हाव नव्हती. पद्धत होती. म्हणून तर जास्त वाईट. हाव असती तर निदान मला त्याच दिवशी कळलं असतं, मी काय करतोय ते."

पुढे काही वर्षांनी बहिणीच्या नवऱ्याचं आजारपण निघालं. कर्जासाठी उतारा काढायला ती तलाठ्याकडे गेली आणि तिथे तिला कळलं की बागेत तिचं नावच नाही. ती भांडली नाही. सर तोवर इकडे आले होते. तिने पत्र लिहिणं बंद केलं. बाग चुलतभाऊ बघत होता. गणपतीला नारळ लागले तर तिला ते त्याच्याकडे मागावे लागत. मग तेही तिने बंद केलं.

सरांनी खाटेखालची पेटी ओढली आणि एक फाइल काढली. स्वतःच्या मृत्युपत्राचे मसुदे. सात होते. वेगवेगळ्या वर्षांचे, सगळे त्या घोडीच्या मृत्युपत्राच्या वळणाचे. खाडीकाठची जी बाग माझ्या नावे आहे तिच्यातली निम्मी माझी नाही, माझ्या बहिणीची आहे, माझ्यामागे ती तिला परत करावी.

"पुढच्या महिन्यात सही करीन म्हणतो," ते म्हणाले. "साक्षीदार तू राहा."

मी तो कागद हातात घेऊन बसलो. मनात आलं ते बोलून गेलो.

"सर, ती घोडी त्याच्याकडे अठरा वर्षं होती ना?"

"हो."

"मग आली तेव्हा चार-पाच वर्षांची तरी असणार. म्हणजे परत दिली तेव्हा बावीस-तेवीसची. आमच्या गल्लीत टांगेवाले होते सर. वीसच्या पुढची घोडी कामाची नसते. तिचे दात जातात. दारात बांधून भिजवलेला भरडा घालायचा, तेवढंच." सर माझ्याकडे बघत होते म्हणून मी अडखळलो. "म्हणजे... बहिणीला काय मिळालं मग?"

सरांनी माझ्या हातातला मसुदा परत घेतला. खाली रस्त्यावर कुणी तरी टॅक्सीवाल्याला यल्ला यल्ला, चल चल करत होतं. मला वाटलं, मी फार बोललो.

"मी इतिहासाचा माणूस," शेवटी ते म्हणाले. "दहा वर्षं ते पान वाचतोय. घोडीचं वय मला कधी सुचलं नाही."

मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आणि मी कायदा लोकांना सांगतो. मी लग्न केलेलं नाही. आई-वडील नाहीत. मी काही न लिहिता मेलो तरी सगळी बाग कायद्याने तिलाच जाते. माझी अर्धीसुद्धा. म्हणजे या सात कागदांत मी तिला काहीच देत नाहीये. नुसतं माझं ओझं उतरवतोय. तेही मी नसताना."

"मग आत्ताच देऊन टाका ना, सर."

"मग तिच्यासमोर उभं राहावं लागेल."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. माझ्यासमोर चौपन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस बसला होता. पन्नासेक लोकांची मृत्युपत्रं लिहिलेला, प्रत्येकाला घरी जाऊन मोठ्याने वाच म्हणून सांगणारा. तो घाबरला होता.

त्यानंतर दोन शुक्रवार त्यांनी माणसांना परत पाठवलं. पुस्तकही वाचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सुट्टीचा अर्ज टाकला आणि एकटेच गावी गेले. मी बरोबर येऊ का विचारलं, तर म्हणाले, "साक्षीदार तिकडचे बघतो. तिच्या गावचे."

ते तिकडे असताना मी अक्काला पत्र लिहिलं. काकांचा कागद काय आहे, त्यात तिचं काय जातं, सही केली नाही तर काय होतं, सगळं सोप्या भाषेत, तोंडाने सांगतोय असं समजून. सही करायची की नाही ते तूच ठरव, आणि नाही केलीस तर काकांशी मी बोलेन, असं लिहिलं. तिचं उत्तर आलं ते भाच्याच्या अक्षरात. "सातबाऱ्यावर माझं नाव राहू दे. कसं दिसतं ते मला एकदा बघायचंय." काका पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. आज त्या उताऱ्यावर आईचं, अक्काचं आणि माझं, अशी तिघांची नावं आहेत.

सर महिन्याने परत आले, शुक्रवारी पहाटेच्या विमानाने. मी चहा ठेवला. ते बूट न काढताच खाटेवर बसले. प्रवासाने चेहरा उतरला होता. विचारू की नको अशा विचारात मी असताना त्यांनीच सुरुवात केली.

आधी ते बहिणीच्या घरी गेले नाहीत. तिच्या नावे चिठ्ठी पाठवली, की अमुक दिवशी तालुक्याला रजिस्ट्रेशनच्या कचेरीत ये, तुझी निम्मी बाग तुझ्या नावे करायची आहे, कागद आधी कुणाकडून तरी वाचून घे. कागदाची प्रतही सोबत दिली. ती येईल याची खात्री नव्हती. बक्षीसपत्र करावं लागलं, दुसरा मार्ग नव्हता. दस्त लिहिणारा म्हणाला, प्रेमापोटी बक्षीस देतो असं टाकतो, सगळे तसंच टाकतात. सर म्हणाले, ते नको. त्याऐवजी एक वाक्य घाला, की वडिलांच्या तेराव्या दिवशी मी माझ्या बहिणीची सही तिला कागद वाचून न दाखवता घेतली, आणि त्या दिवसापासून ही निम्मी बाग तिची असून ती मी वापरत आलो. दस्त लिहिणाऱ्याने हात जोडले. असलं कुणी स्वतःविरुद्ध लिहून देतं का, उद्या तुमच्यावरच उलटेल. सर म्हणाले, उलटू दे.

"आली ती," सर म्हणाले. "दोन मुलगे बरोबर होते, ते बाहेर व्हरांड्यात उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीत बसली आणि पहिल्यापासून वाचायला लागली. चार पानं. चष्मा नवा केलाय तिने. मागे माणसं खोळंबली होती, साहेब घड्याळ बघत होता. तिने घाई केली नाही. मग साहेबाला म्हणाली, हे तिसऱ्या पानावरचं वाक्य तुम्ही वाचा."

"तुमचं वाक्य?"

"हो. त्याने वाचलं. ती म्हणाली, अजून एकदा. जरा मोठ्याने वाचा. माझी मुलं बाहेर उभी आहेत, त्यांना ऐकू जाऊ दे."

चहा उतू जायला आला होता. मी उठून गॅस बंद केला.

"वाचलं?"

"वाचलं. सगळ्या कचेरीने ऐकलं. मग तिने सही केली, मीही केली."

"आणि तुम्ही काही बोललात का, सर?"

"मी उभा होतो. तेवढंच माझं काम होतं तिथे."

मी त्यांच्यापुढे कप ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, पण प्यायले नाहीत. मला वाटलं होतं ते रडतील, किंवा हसतील. दोन्ही झालं नाही. फक्त शर्टाचं गळ्याजवळचं बटण त्यांनी काढलं.

"घरी बोलावलं का तिने? जेवायला वगैरे?"

"नाही रे. घाईत होती. नारळ उतरवायला तिने माणूस सांगून ठेवला होता, दुपारी तीनला, तिच्या वाटणीच्या बागेत."

"मग तुम्ही गेलात बागेत?"

"मी कशाला जाऊ?" सर म्हणाले. "मला कुणी बोलावलं नव्हतं."